भंडारदऱ्याची भर दुपार, इन्फ्रारेडमधून

कॅमेरेवाली मंडळी भंडारदऱ्याला जातात ती काजव्यांसाठी नाहीतर पावसाळी धबधब्यांसाठी. दसरा उलटून ऑक्टोबरचं ऊन टाळक्यावर आलं की तिथं ट्रायपॉड घेऊन फिरणारं चिटपाखरू दिसत नाही. आम्ही मुद्दाम तेव्हाच गेलो, कारण कृष्णधवल इन्फ्रारेडला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात काढलेल्या आणि पानं पांढरी दाखवणाऱ्या फोटोंना, याहून चांगला महिना सह्याद्रीत नाही. पाऊस नुकताच सरलेला असतो, पान न पान ताजं असतं, हवा धुतलेली, ऊन कडक आणि दुपारनंतर घाटमाथ्यावर गठ्ठ्यागठ्ठ्याने ढग चढतात. नेहमीच्या निसर्गचित्रणात सकाळी अकरा ते तीन ही झोपा काढायची वेळ. इथे तीच कामाची.

पहिला दिवस : शेंडी आणि धरणाचा जलाशय

नाशिकहून निघालो, घोटीला चहा घेतला आणि जेवायच्या वेळेला शेंडीत. मुक्काम एका घरगुती खोलीत. घरमालक दादांनी पाट-पाणी केलं, तांदळाची भाकरी आणि जलाशयातल्या माशाचं कालवण वाढलं आणि आम्ही हात धुऊन लगेच कॅमेरे काढायला लागलो तेव्हा त्यांना राहवेना.

“आत्ता कुठं निघाले उनात? पाच वाजता जावा. सूर्य बुडताना लई भारी फोटो येतो तिथून.”

“दादा, आमच्या कॅमेऱ्याला ऊनच लागतं.”

“मग बरंय. कॅमेऱ्याला लागतं, तुम्हाला लागू नये. टोपी घ्या.”

आता थोडं यंत्राबद्दल. आपल्या डोळ्यांना साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो (नॅनोमीटर हे तरंगलांबीचं माप). डिजिटल कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला त्याच्या बरंच पुढचं, ११०० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचं, म्हणजे इन्फ्रारेडही कळतं. पण त्यामुळे रंग बिघडतात म्हणून कंपन्या सेन्सरवर एक काच बसवून तो प्रकाश अडवतात. माझ्या जुन्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यामधली ती काच मी काढून घेतली आहे आणि जागी ७२० नॅनोमीटरची बसवली आहे. म्हणजे डोळ्यांना दिसणारं जवळजवळ सगळं अडतं आणि पुढचं आत येतं. हा कॅमेरा आता दुसऱ्या कशाच्या कामाचा नाही. बरोबरच्या मित्राने ती काटछाट केलेली नाही. तो साध्या कॅमेऱ्यावर होयाचा आर७२ फिल्टर लावतो. फिल्टर डोळ्यापुढे धरला तर काळी काच. एकीकडे फिल्टर दिसणारा प्रकाश अडवतो, दुसरीकडे कॅमेऱ्यातली काच इन्फ्रारेड अडवते आणि दोघांच्या तावडीतून सुटेल तेवढ्यावर फोटो घ्यायचा. त्यामुळे मी जिथे १/२०० सेकंदात मोकळा होतो तिथे त्याचं शटर वीस-वीस सेकंद उघडं असतं.

जलाशयाच्या काठावर हा फरक लगेच दिसला. माझ्या फोटोत काठच्या गवताचं पातं न पातं वेगळं. त्याच्या फोटोत वाऱ्याने गवत फिसकटलेलं, पाणी मात्र घोटलेल्या काळ्या दगडासारखं सपाट. खरं सांगायचं तर त्या दुपारी त्याचाच फोटो सरस होता. इन्फ्रारेड पाण्यात शिरलं की शोषलं जातं, त्यामुळे पाणी काळं येतं आणि त्या काळ्यावर ढगांचं पांढरं प्रतिबिंब उठून दिसतं. आकाश गडद होण्याचं कारण वेगळं. हवा निळा प्रकाश भरपूर विखुरते, पण तरंगलांबी वाढेल तसं हे विखुरणं चौथ्या घाताने घटतं. इन्फ्रारेडला आकाश जवळजवळ रिकामंच दिसतं.

भंडारदऱ्याच्या या विल्सन धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. रॉबर्ट वूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने इन्फ्रारेडमध्ये टिपलेली निसर्गचित्रं पहिल्यांदा छापली तीही १९१० मध्येच. पांढऱ्या पानांच्या परिणामाला आजही त्याचंच नाव आहे. भिंतीकडे बघत हा योगायोग मी मित्राला सांगितला. तो शटर उघडं ठेवून मनात आकडे मोजत होता, त्याने नुसतीच मान हलवली.

निघण्यापूर्वीचं एक काम सांगून ठेवतो. घरच्या पांढऱ्या भिंतीचे प्रत्येक लेन्सने एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत (आकडा मोठा तसं लेन्सचं छिद्र लहान) फोटो काढून बघा. काही लेन्सच्या आतल्या लेपनामुळे इन्फ्रारेडमध्ये फोटोच्या मधोमध उजळ डाग पडतो आणि छिद्र लहान करत जाल तसा तो ठळक होतो. नेहमीच्या कामात उत्तम ठरलेली महागडी लेन्ससुद्धा इथे नापास होते आणि किटबरोबर आलेली फुकटी पास होते. छिद्र लहान न करण्याला दुसरंही कारण आहे. तरंगलांबी मोठी, त्यामुळे विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरण्याचा, मऊपणा लवकर येतो. मी एफ/८ च्या पुढे जात नाही.

दुसरा दिवस : जलाशयाला वळसा, घाटघर

शेंडीहून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला जातो, तिथून साम्रद, रतनवाडी आणि परत. दोन्ही बाजूंनी भात पिवळं पडायला लागलं होतं. मधेमधे खुरासणीची शेतं ऐन फुलात. साध्या कॅमेऱ्याने वेडावून जावं असं ते पिवळं. आमच्या पडद्यावर मात्र फूलही पांढरं, पानही पांढरं, सगळी शेती एकसारखी चुन्यात बुडवलेली. फुलांच्या गालिच्यांसाठी लोक कासला जातात, त्यांनी हा कॅमेरा घरी ठेवावा. इन्फ्रारेडला फुलाचा रंग कळत नाही, पाकळी म्हणजे त्याच्या लेखी आणखी एक पान.

घाटघरच्या कोकणकड्यावर पोचलो तेव्हा खाली कोकण नव्हतंच, नुसतं धुकं. इन्फ्रारेड धुक्यातून आरपार बघतं असं बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतं. ते खरं नाही. धुक्यातले पाण्याचे थेंब या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, ते इन्फ्रारेडही तितकंच उधळून लावतात. आमच्या दोघांच्या पडद्यांवर डोळ्यांना दिसत होतं तेच आलं. आरपार जातं ते धूसरपणातून, म्हणजे लांबचे डोंगर निळसर करून टाकणाऱ्या बारीक कणांतून. याचा पडताळा दुपारी मिळाला.

धुकं विरायची वाट बघण्यापेक्षा मागे उडदावण्याच्या बाजूला गेलो. एका शेताच्या बांधावर ट्रायपॉड लावले. ऑक्टोबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलं की भर बारा वाजतासुद्धा तो पाठीशी राहतो आणि समोरचं आकाश सर्वांत गडद येतं. आणि समोर कोण, तर अलंग, मदन, कुलंग हे तीन गड. डोळ्यांना तिन्ही फिकट निळ्या ओळी. पडद्यावर कुलंगच्या कातळातल्या आडव्या पट्ट्या मोजता याव्यात इतक्या स्वच्छ.

या दौऱ्यात मला सर्वांत पटलेली गोष्ट इथली. इन्फ्रारेड म्हणजे पांढरी झाडं, असं समजून लोक सुरुवात करतात आणि दहाबारा फोटोंनंतर कंटाळतात, कारण पांढरं झाड ही फक्त गंमत आहे. सह्याद्रीतला खरा विषय बेसाल्ट. तो इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो. पावसाळ्यानंतर कड्यांच्या प्रत्येक टप्प्यावर, लाव्हाच्या दोन थरांमधल्या प्रत्येक खाचेत गवत धरलेलं असतं. साध्या फोटोत गडद हिरवं आणि काळं एकमेकांत मिसळून कडा म्हणजे एक गडद ठोकळा होतो. इथे गवताची प्रत्येक ओळ पांढरी होते आणि कड्याचा थर न थर सुटा दिसतो. भूगोलाच्या पुस्तकात आकृती काढून दाखवतात ते इथे समोर उभं असतं.

बांधावर भारा घेऊन एक आजी आल्या. काळी छत्री उन्हासाठी उघडलेली. त्यांच्या परवानगीने फोटो काढला आणि दाखवला. छत्री पडद्यावर फिकट करडी आलेली. काळ्या रंगात काय मिसळलंय त्यावर ते ठरतं. मित्राचा काळा टीशर्टही असाच पांढराफटक येत होता. पण आजींचं लक्ष छत्रीकडे नव्हतंच.

“हे काय रं? माझं भात करपल्यावाणी का दिसतंय?”

करपा म्हणजे भाताचा रोग. शेतकऱ्याला पांढरं पडलेलं पीक दुसरं काय वाटणार? मी म्हटलं, “आजी, उलटं आहे. या कॅमेऱ्यात जेवढं पांढरं तेवढं पीक जोमात.” कारण हिरवं द्रव्य लाल-निळा प्रकाश खातं पण इन्फ्रारेडला हात लावत नाही. पानाच्या आत पेशी आणि हवेच्या पोकळ्या असतात, त्या ते परत बाहेर उधळतात. पान सडलं, वाळलं, की आतली ही रचना ढासळते आणि उजेड कमी होतो. इस्रोचे उपग्रह वरून पिकांचा अंदाज घेतात तेही लाल आणि इन्फ्रारेड यांची तुलना करूनच. हे सगळं काही मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका काळसर तुकड्यावर बोट ठेवलं.

“मंग हे बरोबर दावलं. हितं पाणी साचतं. हितलं भात कायम बारीक राहतं.”

प्रत्यक्ष शेतात तो कोपरा मला बाकीच्या भातासारखाच दिसत होता. पुढे आजींनी घरी नेलं. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचं घट्ट वरण. सकाळभर जे पिवळं आम्ही पांढरं करत फिरत होतो त्याचंच बी चटणीत. भाकरी चुलीवरून थेट ताटात येत होती, नको म्हणायला सवड नव्हती.

घाटघर सोडताना लक्षात ठेवा, या वळशावर पेट्रोल पंप नाही आणि मोबाइलची रेंज येऊन-जाऊन असते. नकाशा आधीच उतरवून घ्या, बॅटऱ्या जास्तीच्या घ्या. मित्रासारखी लांब शटरची कामं असतील तर बॅटरी उन्हात लवकर उतरते आणि सेन्सर तापून फोटोतले दाणेही वाढतात. दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा सावलीत ठेवला तर थोडा फायदा होतो.

तिसरा दिवस : रतनवाडी, अमृतेश्वर, रतनगडाचं जंगल

अमृतेश्वराच्या देवळात सकाळी लवकर गेलो, गर्दी होण्यापूर्वी. शिलाहार काळातलं मानलं जाणारं हे शिवमंदिर, शिखर तळापासून टोकापर्यंत कोरलेलं. ऊन यायला वेळ होता. सावलीतल्या काळ्या दगडाचा इन्फ्रारेड फोटो रटाळच येणार अशी माझी अटकळ होती.

दगड काळाच आला. पण पावसाळाभर त्यावर वाढलेलं शेवाळ अजून वाळलं नव्हतं, आणि शेवाळ म्हणजे जिवंत वनस्पती. शिखराच्या आडव्या कडांवर, छोट्या-छोट्या शिखरांच्या खांद्यांवर, दगडाच्या सांध्यांत जिथे-जिथे ओल टिकली होती तिथे-तिथे पांढरं उमटलं. शंकराच्या देवळाने स्वतःच भस्म फासून घेतलं होतं. डोळ्यांना हे शेवाळ दिसतही नव्हतं, जवळ जाऊन बोट फिरवलं तेव्हा हिरवट ओलसर मखमल लागली. पाणी कुठून उतरतं, कुठे थांबतं, कुठल्या बाजूला ऊन कमी, असा देवळाचा पावसाळ्याचा सगळा हिशेब त्या एका फोटोत आला.

पुजारीबुवा बघत होते. “रंगीत नाही येत का यात?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर, “मग पुष्करणी काढा, तिथं रंग नाहीच,” असं म्हणून त्यांनी कुंडाकडे बोट केलं. खरंच होतं. कोनाड्यांतल्या मूर्ती, पायऱ्या, पाणी, सगळं करड्याच्या छटांत. फोटो साध्या कॅमेऱ्याने आणि इन्फ्रारेडने जवळजवळ सारखाच आला, फक्त पाणी जास्त काळं. अशा ठिकाणी या कॅमेऱ्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

दहाच्या सुमाराला रतनगडाच्या वाटेला लागलो. सुरुवातीला प्रवरेचा ओढा, मग दाट जंगल. आत इतका अंधार की मित्राने कॅमेरा पिशवीत टाकला. मी सवयीने शटर १/१५ पर्यंत खाली आणलं आणि फोटो पांढराफेक. कमी करत करत पुन्हा १/१०० च्या आसपास आलो. कारण सोपं आहे. वरची पानं लाल-निळा प्रकाश खाऊन टाकतात, पण इन्फ्रारेडचा निम्म्याच्या आसपास भाग पानातून आरपार खाली येतो. आपल्याला वाटणारा अंधार इन्फ्रारेडला अंधार नसतो. खोडं काळी, पानं आतून पेटल्यागत, आणि सावल्या मऊ. जंगलातला प्रकाश हा माझ्या मते या तंत्राचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सगळे आकाशाच्याच मागे असतात.

म्हणून प्रकाशमापकावर विसंबू नका. तो कितीही हुशार असला तरी त्याला पानांचं हे गणित शिकवलेलं नसतं. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख बघा, तोही तिन्ही रंगांचा सुटा. ७२० वर लाल रंगाची ओळ सर्वांत आधी उजवीकडे आदळते आणि एकत्रित आलेख मात्र ठीकठाक दिसत राहतो. रॉ मध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, पडद्यावर दिसायला मोनोक्रोम ठेवा. श्वेतसंतुलन (पांढरं कशाला मानायचं ते कॅमेऱ्याला सांगणं) उन्हातल्या गवतावर धरा, नाहीतर पडद्यावर नुसतं लालभडक दिसतं. फोकस थेट सेन्सरवरून घ्या. इन्फ्रारेडचा फोकस किंचित वेगळ्या जागी पडतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल ठिपका किंवा रेघ असायची. मिररलेसमध्ये ही भानगड नाही.

शिड्या चढून वर पोचलो तोवर ढग भरून आलेले. नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, वारा असा की टोपी हातात धरून बसावं लागलं. नेढ्याच्या काळ्या चौकटीतून पलीकडची पांढरी दरी, हा फोटो मनात ठरवून आलो होतो, पण सूर्य ढगाआड गेला आणि इन्फ्रारेडचा जीवच गेला. सपाट करडं. अर्धा तास थांबल्यावर ढग फाटला, उन्हाचा एक पट्टा दरीतून सरकत आला आणि तेवढ्यात जे मिळालं ते मिळालं. मग परतीचा पाऊस. उतरताना शिड्या ओल्या, पाय जपून. खाली टपरीवर चहा पिताना आमच्या अंगातून वाफा निघत होत्या. टपरीवाल्या ताईंनी न मागता गरम कांदाभजी पुढे केली आणि पैसे देताना म्हणाल्या, “चार वाजता पाऊस येतोच सध्या. सकाळी इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

चौथा दिवस : रंधा आणि परत

रंधा धबधबा जाता-जाता. पाण्याला अजून जोर होता, पण इन्फ्रारेडमध्ये तो चालला नाही. फेस पांढरा, भोवतीची झाडीही पांढरी, धबधबा तिच्यात हरवतो. मित्राने फिल्टर काढून साधा रंगीत फोटो घेतला. मी बाजूच्या कातळावर उतरलेल्या मुळांचे दोनचार घेतले. दुपारी नाशिक.

घरी : संगणकावर

खरं काम इथे. रॉ फाइल उघडली की पहिला अडथळा श्वेतसंतुलनाचा. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये रंगाच्या तापमानाची पट्टी २००० केल्व्हिनला संपते आणि फोटो तरीही लालच राहतो. यावर उपाय म्हणजे अडोबीच्या डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये आपल्या कॅमेऱ्यासाठी वेगळं प्रोफाइल (फाइलमधले रंग कसे वाचायचे त्याची नोंद) करून ठेवणं. तापमानाची पट्टी त्यात उणे शंभरवर न्यायची, प्रोफाइल जपून ठेवायचं, नंतर लाइटरूममध्ये ते निवडून पानावर टिचकी मारायची. एकदाच करायचं काम.

मग पानं फिकट निळसर-पांढरी आणि आकाश तपकिरी-नारिंगी होतं. रंगीत इन्फ्रारेडवाले इथे लाल आणि निळ्याची अदलाबदल करून निळं आकाश मिळवतात. आपल्याला कृष्णधवल हवंय, पण म्हणून लगेच रंग उडवून टाकू नका. तो थोडासा उरलेला रंगभेदच कामाचा. कृष्णधवल मिश्रणात नारिंगी खाली ओढलं की आकाश उतरतं, निळं वर नेलं की पानं उजळतात, आणि कातळाला धक्काही लागत नाही. ८३० नॅनोमीटरची काच बसवली तर ही सोय जाते. तिथे तिन्ही रंगांत जवळजवळ सारखंच येतं. काळं-पांढरं जास्त कडक मिळतं खरं, पण वळवायला जागा उरत नाही. मी ७२० वर राहण्याचं कारण हेच.

आकाश किती काळं करायचं? पट्टी हाताशी असते त्यामुळे मोह होतो. मी उडदावण्याच्या फोटोत आकाश कुलंगच्या कातळापेक्षा एक पायरी फिकट ठेवलं. ते कातळाएवढं काळं केलं असतं तर गडाची कडाच हरवली असती, आणि एवढं लांब जाऊन बेसाल्ट काढायचा तो कशाला?

पांढऱ्याभोवती जे धुरकट तेज असतं ते कोडॅकच्या एचआयई या जुन्या इन्फ्रारेड फिल्ममुळे लोकांच्या मनात बसलंय. त्या फिल्मला मागच्या बाजूने परत येणारा प्रकाश अडवणारा थर नव्हता, म्हणून तेजाळ भागाच्या कडा फुटायच्या. २००७ मध्ये ती बंद झाली. डिजिटलमध्ये तसं हवं तर उजळ भागांची प्रत काढायची, धूसर करायची आणि स्क्रीन पद्धतीने (खालचं फक्त उजळ करणाऱ्या मिश्रणाने) अगदी हलक्या हाताने वर ठेवायची. मी हे फक्त रतनगडाच्या जंगलातल्या फोटोंना केलं. कड्यांना नाही, देवळाला तर मुळीच नाही. शेवाळाची ती बारीक रेघ धूसर केली तर उरतं काय?

छपाईसाठी मॅट कागद वापरला तर काळं थोडं उथळ उतरतं, बॅरायटा (बेरियम सल्फेटचा लेप असलेल्या) कागदावर कातळ खोल येतो. देवळाचा फोटो दोन्हींवर काढून बघितला आणि बॅरायटा ठेवला.

जाणार असाल तर दसरा ते दिवाळीचे आठवडे धरा. भात उभं असताना आणि कापणी चालू असताना शेतांत काळं-पांढरं दोन्ही मिळतं. डिसेंबरात कड्यांवरचं गवत वाळून जातं, थर पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि दुपारचे ढगही नसतात. रतनगड चढायचा असेल तर सातच्या आत वाटेला लागा, आणि पावसाचं टपरीवर विचारून मगच वर जा.